बाजूच्या दाराचा पास

वॉटफर्ड
गुरुवार, ५ जून २०२५

चि. सुचेतास आईचे आशीर्वाद.

इथे सगळं बरं आहे. तुझं आणि जयंतरावांचं बरं असेल असं धरून चालते. नसलं तरी तू कुठे सांगतेस. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनवर तू वॉर्डातल्या पेशंटला विचारावं तशी विचारत सुटतेस, आणि या घराच्या भिंती म्हणजे पापड. म्हणून लिहिते. चौथी पास बाईचं शुद्धलेखन काढू नकोस.

मागच्या अंगणात मेथी वीतभर आलीय. सियाचा पुढचा दात पडला. आणि तुझा भाऊ दहा दिवस माझ्याशी बोलत नाही. म्हणजे "आई, जेवलीस?" एवढं विचारतो. तेवढं तर शेजारची गोरी तिच्या मांजरीलाही विचारते.

आईने पार्कात तमाशा केला, हे त्याने तुला सांगितलंच असेल. केला. पण कसा ते माझ्याकडून ऐक.

त्या पाळण्यांच्या पार्काचं बुकिंग गेल्या जुलैत झालं. दहा महिने आधी! आमच्यात लग्नं महिन्याभरात उरकायची. यतीनने कंप्युटरवर तक्ता केला, प्लॅस्टिकमध्ये घालून फ्रिजवर चिकटवला. नऊ वीसला हा पाळणा, दहा पाचला तो, अकरा चाळीसला बाथरूम. मी म्हटलं, "अरे, लघवीलाही मुहूर्त?" तर म्हणतो, "आई, बँक हॉलिडे आहे, अख्ख्या देशाला सुट्टी. प्लॅन नसला की दिवस लाइनीत जातो."

तक्त्यात माझं नाव सगळ्यात वर होतं. मला वाटलं, मान दिला. मग फेब्रुवारीत त्याने एक फॉर्म पुढे केला. "आई, इथे सही कर." केली. गुडघ्यांसाठी डॉक्टरने दिलेलं जुनं पत्र त्याला जोडलं. म्हातारं माणूस चाकाच्या खुर्चीत असलं, तर त्याला आणि त्याच्या घरच्यांना बाजूच्या दाराने सोडतात. लाइन नाही. तेव्हा कळलं, मी पाहुणी नाही, मी पास आहे.

"एक दिवस बसायचं फक्त, आई," तुझी वहिनी मंजिरी म्हणाली. "तुम्हालाही आरामच की."

त्या सुट्टीच्या सोमवारी सकाळी सहाला निघालो, गर्दी टाळायला. अख्खं इंग्लंड गर्दी टाळायला सहाला निघालेलं. गाडी लावायलाच पाऊण तास गेला. आत जत्रा भरलेली, पण जत्रेत माणूस रमतगमत फिरतं गं. इथे जो तो फोनमध्ये बघत पळत होता, परीक्षेला उशीर झाल्यासारखा. एका पाळण्याच्या पाटीवर लिहिलेलं, एकशे दहा मिनिटं. आणि लोक उभे!

आम्ही मात्र सरसर. बाजूचं दार, थँक यू, पाळणा, खाली, पुढे. मला आतल्या बाजूला भिंतीशी लावून ठेवायचे आणि तिघं बसून यायचे. सिया उतरली की यतीन आधी घड्याळ बघायचा. "सहा मिनिटं मागे आहोत." मी गुळाच्या दशम्या नेल्या होत्या. त्यांची वेळ एक चाळीस.

मध्येच एक तळं लागलं. बदकीण आणि मागे सात पिल्लं. त्यातलं एक सारखं पाण्यात उलटं व्हायचं. सिया ओरडली, "आजी, बघ, त्याचं बम वर!" आणि अशी हसली, की त्या उंच पाळण्यावरूनही तसा आवाज आला नव्हता. तेवढ्यात यतीन म्हणाला, "चल सिया, आपला स्लॉट जाईल." पोरगी गपचूप उठली. दहा महिने खपून केलेल्या तक्त्यात बदकांना चार मिनिटं नव्हती.

पुढच्या दाराशी मोठी लाइन. त्यात एक बाई, खांद्यावर पोर झोपलेलं, आमच्याकडे टक लावून बघत होती. सियाने माझ्या कानात विचारलं, "आजी, तू घरी चालते आणि इकडे नाही चालते. का?" मंजिरीने ऐकलं. वाकून हळूच म्हणाली, "सिया, कुणी विचारलं तर सांगायचं, आजीला चालता येत नाही. ओके?"

सियाने मान डोलावली. मग ती माझ्याकडे बघेचना.

मी पट्टा सोडला, पदर खोचला आणि उठले. दारावरच्या मुलीला म्हटलं, "नो प्रॉब्लेम. आय वॉक. माय सन, प्लॅन." आणि वीस पावलं मागे तळ्यापर्यंत चालत गेले.

मुलगी बिचारी लाल झाली. सॉरी सॉरी म्हणत तिने पास काढून घेतला. लाइनीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग आणखी कुणी. सातवीत कॉपी करताना धरला होता तेव्हा यतीनचं तोंड जसं झालं होतं, तसं मी चाळिशीतल्या माणसाचं पाहिलं. त्यानंतर त्यांनी दीड तास लाइनीत उभं राहून एक पाळणा केला. दशम्या तशाच घरी आल्या. गाडीत तो एवढंच म्हणाला, "आई, माझ्या पोरीसमोर मला चोर ठरवलंस."

आता तू म्हणशील, आई खरं बोलली, बरं केलं. थांब.

त्या खुर्चीत मला बरं वाटत होतं. यतीन मागून ढकलत होता. वारा सुटला तेव्हा त्याने वाकून माझ्या स्वेटरची बटणं लावली. दोन वर्षं या घरात आहे, हा लेक माझ्या एवढा जवळ आला नव्हता. आणि तक्त्यातल्या अकरा चाळीसला बाथरूमपाशी उठायला गेले, तर डावा पाय माझा राहिला नाही. मंजिरीचा दंड धरला. ती हसली, "आई, इथे कोणी बघत नाहीये, नाटक पुरे."

नाटक नव्हतं. मार्चमध्ये मी बाथरूममध्ये पडले. एप्रिलमध्ये जिन्यावर, तीन पायऱ्या. कंबरेला हा एवढा काळा डाग होता, तुमच्या कुणाच्या नजरेला पडू दिला नाही. तुझे बाबा त्या दिवाळीत अशाच चाकाच्या खुर्चीत बसले ते पुन्हा उठले नाहीत, हे तू विसरली नसशील. मी तर नाहीच विसरले.

म्हणजे फॉर्म खोटा नव्हता, सुचेता. यतीनला वाटत होतं आपण खोटं लिहितोय. खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. आणि मीच चारचौघांत उठून त्याला खोटं पाडलं. सियासाठी उठले असं मी दहा दिवस स्वतःला सांगतेय. थोडं तिच्यासाठी. बाकी सगळं माझ्यासाठी. वीस पावलांनंतर तळ्याचा कठडा धरला, तो बदकं बघायला नाही.

काल सिया भात कालवता कालवता म्हणाली, "आजी, डॅडी लायर आहे ना?" मी म्हटलं, "जेव." एवढंच. दोनदा पडले त्याचं काही नाही, पण ते "जेव" मला झोपू देत नाही.

तेव्हा या रविवारी त्याला सांगणार आहे, सियाला शेजारी बसवून. पत्र उद्या पोचेल, तू शनिवारच्या गाडीने ये. मी एकटीने सांगितलं तर त्याला वाटेल, म्हातारी आता समजूत घालतेय. तू पाय बघ आणि त्याच्यासमोर खरं ते बोल, मला आवडो न आवडो. येताना एक काठी आण. साधी, फुलाफुलांची नको. आणि येतेय म्हणून यतीनला आधी कळवू नकोस, तो तक्ता करेल.

हे पत्र ओट्याशी उभी राहून लिहायला घेतलं होतं. बदकांपर्यंत उभी होते. पुढचं बसून लिहिलंय.

तुझी आई,
लीलावती