खडूची खूण

सोलापूर,
२ मार्च २०२५

चि. काव्या हिस आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. अव्वाचा गुडघा होता तसाच आहे. कारखान्यात दोन माग बंद, बाकीचे चालू. ऊन लवकर लागलं.

तुझा गोल्फचा ड्रायव्हर, तो लांब फटक्याचा क्लब, मी माळ्यावरून खाली काढला. तुला विचारायला हवं होतं. महिनाभर दर रविवारी तो घेऊन मैंदर्गीच्या शेतावर जातो. ज्वारी निघाली, रान मोकळं आहे. तुझ्या सरावासाठी टांगलेले रद्दी टॉवेल अजून तारेवर आहेत.

मला तो जमत नाही. चेंडू डावीकडे वळून बांधापलीकडे जातो. तू त्याला हुक म्हणायचीस. मग पाना लावायचा, मानेची कडी सैल करायची, कडीवरच्या खुणांतलं एक घर पुढे सरकून क्लबचं तोंड उघडायचं, म्हणजे उजवीकडे वळवायचं, पुन्हा आवळायचं. आता चेंडू वळत नाही. निघतो तोच उजवीकडे आणि सरळ तिकडेच जातो. त्याला तू ब्लॉक म्हणायचीस. एक घर मागे, की परत हुक. तळाचं वजन टोकाकडे सरकवलं, टाचेकडे सरकवलं. सगळं वहीत लिहिलं. चार रविवारांत सरळ गेलेले चेंडू अकरा. त्यातला एकही का सरळ गेला ते मला सांगता येणार नाही. मागच्या रविवारी क्लब बांधावर आपटायला उचलला होता. तुझा आहे म्हणून खाली ठेवला.

शेतावरची निंगव्वा कडबा बांधता बांधता बघत असते. म्हणाली, "मालक, येवढ्या रागानं हाणल्यावर ते तरी नीट कसं जाईल की?"

मी खेळ शिकतोय असं अव्वाला सांगितलं आहे. ते खरं नाही.

गुरुवारी कडीचा स्क्रू अडकला. क्लब चनमल्लप्पाकडे नेला. तीस वर्षं आपले माग तोच दुरुस्त करतो, त्याला हे काय नवीन. मिनिटात स्क्रू सुटला. मग त्यानं विचारलं,

"आदी कुटं हुतं हे?"

माहीत नाही म्हणालो.

"खूण केली न्हाय व्हय?"

तो हसला. मला हसता आलं नाही. आपल्या शेडमधला नियम तू लहानपणापासून ऐकलास. स्क्रू सैल करायच्या आधी खडूनं खूण करायची. आणि एका मागाला एकच हात. दोघांनी एकमेकांना न सांगता पाना लावला तर कापड बिघडतं आणि कुणामुळे ते कळत नाही. हा नियम मोडला म्हणून मी माणसांना घरी पाठवलं आहे.

पुण्याची निवड स्पर्धा. तीन वर्षं झाली. पहिल्या दिवशी तुझे चार चेंडू हुक झाले. संध्याकाळी तू सरावाच्या मैदानावर थांबलीस आणि पकड बदलून दोष काढलास. मी गाडीत बसून कारखान्याशी फोनवर बोलत होतो. पाहिलं नाही, विचारलंही नाही; हे मला नंतर कळलं. सकाळी तू इडली खात होतीस. बॅग डिकीत होती. मी पाना काढला आणि क्लबचं तोंड उघडलं. दोन घरं असतील, तीन असतील. मोजली नाहीत. खूण केली नाही. तुला सांगितलं नाही.

दोष तू आधीच काढला होतास. त्यावर मी दुसरा इलाज केला.

पहिला चेंडू उजवीकडे, हद्दीबाहेर. दुसराही तिकडेच. तू क्लब तपासून पाहिला नाहीस. तुझ्या क्लबला दुसरं कुणी हात लावेल असं तुला वाटलंच नसेल. परत आल्यावर तू म्हणालीस, "अप्पा, माझे हातच माझे राहिले नाहीत."

मी म्हणालो, "मन खंबीर लागतं."

तेव्हा मला ठाऊक होतं. दुसऱ्या चेंडूलाच कळलं होतं. तू गाडीत डोळे मिटून बसलीस तेव्हा मी डिकीपाशी जाऊन कडी अंदाजानं मागे फिरवली. त्यानंतर तू त्या बॅगेला हात लावला नाहीस.

बेंगळुरूतली एक संस्था तुला मुलांना गोल्फ शिकवायला बोलावते आहे आणि तू नाही म्हणणार आहेस, असं अव्वा सांगते. ऐन वेळी मोडणाऱ्या माणसानं मुलांना काय शिकवायचं, असं तू तिला म्हणालीस. त्यांना दहा तारखेपर्यंत उत्तर हवं आहे. फोनवर मी ऊन आणि गुडघा यांच्यापुढे जात नाही, म्हणून हे लिहिलं. तू मोडली नव्हतीस. क्लबचं तोंड उघडं होतं.

महिनाभर मी कडीवरचं तुझं जुनं घर शोधत होतो. ते सापडलं असतं तर क्लब होता तसा पाठवला असता, आणि हे लिहावं लागलं नसतं. तेवढ्यासाठीच शोधत होतो. चनमल्लप्पाला यातलं काही सांगितलेलं नाही. नुसता तुझा क्लब आहे म्हणालो. तो म्हणाला, "हात तुमचा. तिचं घर तुमाला कसं घावंल?"

सोबतच्या पार्सलमध्ये क्लबचं डोकं वेगळं आहे, दांडा वेगळा. पाना आहे. शेडमधला खडूचा तुकडा आहे. कुठं बसवायचं ते तू ठरव आणि खूण कर.

मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. त्यांना दे.

हात मागे घेऊन,
अप्पा