झाडाची झोप

सवय होते म्हणत होते ना तुम्ही, बाबा. नाही होत. एक हप्ता दिवसपाळी, एक हप्ता रातपाळी, अशी कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर ठेकेदाराकडे इतकी वर्षं काढली, आणि आईनं काही म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर, शरीर वळवाल तसं वळते. सकाळी येऊन खिडकीले घोंगडी लावून पडायचे, बाहेर भांडं वाजलं की आतून शिव्या. झोपले कधी तुम्ही? पण संध्याकाळी आई वरणाच्या फोडणीसाठी अंगणातला गोडलिंब तोडाले गेली की तुम्ही आडवे यायचे. "दिवे लागले वं. झाड झोपलं आता." स्वतः मात्र तसेच डबा घेऊन ड्युटीले निघायचे. मले हसू यायचं.

इथे बंगलोरकडे मी एका संशोधन केंद्रात रोपांच्या शेडमध्ये कामाले आहे. तिथल्या मॅडमनं वालाची रोपं काळ्या बंद खोलीत ठेवली. रात्री पानं लटकलेली, सकाळी पाहतो तर वर उचललेली, ऊन दिसलंच नाही तरी. काहून म्हणून विचारलं. ती म्हणाली, पानाच्या पेशीपेशीत घड्याळ असते. उजाडायच्या आधीच ते घड्याळ ऊन पकडायच्या कामाची जनुकं जागी करते, दिवस कलला की त्यांना निजवते, दुसरी उठवते. मग तिनं काही रोपांच्या दिव्यांची वेळ दर हप्त्याले उलटी केली, एक हप्ता दिवसा उजेड, एक हप्ता रात्री. पाणी तेच, खत तेच, पण ती रोपं पिवळी पडून राहिली. प्रकाश यायच्या वेळेले आतली जनुकं निजलेली, अंधारात जागी. मी त्या ट्रेसमोर उभाच राहिलो. रातपाळी करून येताना सायकलवर तुमचा डोळा लागला, मागून ट्रक आला. त्या सकाळी तुमचा चेहरा असाच होता.

आता धाकट्यानं तिकडे वाडी गावच्या गोडाऊनमध्ये तसलीच पाळी धरली. फोनवर नको म्हटलं तर म्हणते, "बाबाले झाली होती ना सवय, दादा."

"नाही झाली. म्हणूनच गेले."

मग सोडतो म्हणाला, पण घर कसं चालेल यावर अडला. दिवसाचं काम भेटेपर्यंत मी पाठवतो म्हटलं.

हे पत्र टाकाले पत्ता नाही, उशीखालीच राहील. एक गोष्ट त्याले सांगितली नाही, तुमाले सांगतो. दिवे उलटे असले की त्या रोपांजवळ रात्री माणूस लागते, एक हप्ता आड. ती रातपाळी मी मागून घेतली. त्या पाळीचेच पैसे आज पाठवून राहिलो, नऊ हजार.