सावड बंद

वरची वाडी, डिंभे
२१ जुलै २०२४

रामनाथदादा,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. तू पुण्याला गेल्यावर तुझी म्हैस व्याली, रेडी झाली. एसटी चार दिवस आलेली नाही, म्हणून हे पत्र दूधवाल्या गोकुळकडे पोस्टात टाकायला देतेय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

पुण्याच्या परिषदेतलं तुझं भाषण माझ्या हर्षालीने मोबाईलवर लावलं होतं. "सरकार गेलं की माणूस मोकळा!" लोकांनी टाळ्या पिटल्या, आईनेही पिटल्या. माझं डोकं फिरलं. मी उठून चुलीपुढे जाऊन बसले.

मला सरकारचा राग नाही असं समजू नकोस. धरणात आपली जमीन गेली. जंगलखात्याच्या गार्डाने सासूबाईंचा कोयता हिसकावला, तेव्हा त्याच्या गाडीपुढे मीच आडवी झाले होते. कचेरीची पायरी कुणी चढायची नाही, आपलं आपण बघू, असा वाडीने ठराव केला, तेव्हाही पहिला हात माझाच वर गेला.

पण नूतनचं काय? आपल्या भरतला जाऊन वर्ष झालं. त्याच्या खाचराला वारस म्हणून आपलं नाव लागावं, एवढ्यासाठी त्याच्या बायकोने तालुक्याला अर्ज केला. तेवढ्यावरून तू सभा घेतलीस आणि तिची सावड बंद केलीस. दादा, भातलावणी एकट्या बाईच्याने उरकते का रे? आज सगळ्यांनी माझ्या खाचरात उतरायचं, उद्या तुझ्या, असंच आपण जगलो ना? ती एकटी चिखलात वाकलेली असते, रोप पिवळं पडत चाललंय, आणि माणसं बांधावरून मान फिरवून जातात.

मंगळवारी मीही तशीच गेले. "वन्सं, तुमी तरी उतरा वो. म्या काय चोरी केली व्हती का?" असं ती म्हणाली. मी पदर सावरला आणि चालू पडले. लाज वाटते मला.

तलाठी कामचुकार आहे, कबूल. पण त्याच्यावर तहसीलदार आहे, त्याच्यावर कलेक्टर, पुढे कोर्ट. ओरडायला जागा आहे. तुझ्यावर कोण आहे? "तिचंबी ऐकून घ्या की राव," एवढंच वाडीतला दादाभाऊ म्हणाला, तर तू त्याचीही सावड तोडायला निघालास. घर गळतं म्हणून कुणी छप्पर उतरवून पावसात बसत नाही, घर शाकारतात. तू सरकार हाकललंस आणि त्याच्या खुर्चीत स्वतः बसलास.

एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवलं होतं. भरतच्या खाचराला तुझं खाचर लागून आहे. नूतनचं नाव लागलं नाही तर ते कोण कसणार, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. भाषणात तेवढं सांगायचं राहिलं वाटतं.

काल मी डिंभ्यापर्यंत चालत आणि पुढे जीपने तालुक्याला गेले. असं वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे, हे तिथल्या एका वकीलबाईंनी सांगितलं. पोलीस म्हणाले, उद्या या. मी बाकावरून उठले नाही. दोन तासांनी तक्रार लिहून घेतली.

तीत पहिलं नाव तुझं आहे, आणि खाली सही माझी. उद्या सकाळी मी नूतनच्या खाचरात उतरणार आहे. माझी सावड कधी बंद करतोस ते कळव.

तुझ्या पाठची बहीण,
इंद्रायणी