रविवारी पाळणाघर बंद

काकू, तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तुम्ही आमच्यापासून चार घरं सोडून राहायचात, आणि मी नाशिक सोडलं तोवर तुम्ही गेला होतात. गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आईने सांगितलं, मी ऐकलं, वाईट वाटलं आणि परीक्षा होती म्हणून अभ्यासाला बसले. त्यानंतर वर्षानुवर्षं तुमची आठवण झाली असं म्हणाले तर ते खोटं होईल. ती झाली जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये, चर्चच्या सभागृहात, दीडशे माणसांसमोर, आणि तीही कुणीतरी विचारलं म्हणून.

तुमच्या दोन खोल्या मात्र मला लख्ख आठवतात. पुढच्या खोलीत सतरंजी, आतल्या खोलीत दम्याने बेजार झालेले काका, आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली ओळीने ठेवलेल्या आमच्या ताटल्या, प्रत्येकीवर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं. तुम्ही खिचडी वाढता आहात, आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून बसलो आहोत. मी चारेक वर्षांची असेन. मला अजून तूप हवं आहे आणि माझ्या तोंडून निघून जातं, ‘आई, तूप.’ तुम्ही पळी खाली ठेवता. हसत नाही, गालगुच्चा घेत नाही. ‘आई कामावर आहे. ती सहाला येईल. मी काकू. आता नीट माग.’ मला रडू फुटतं. मग तूप मिळतं, आणि जरा जास्तच मिळतं. माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिला कुणी तोंडावर बोललं नाही, पण आळीत कुजबुज असायचीच, पोर परक्याच्या दारी टाकून ही चालली हेडफोन लावायला. तुम्हालाही बोल लागायचे, पैसे घेऊन पोरं सांभाळते म्हणून. फुकट सांभाळली असती तर आळीने तुम्हाला देवी केलं असतं.

तर तीच कुजबुज इकडे मला जर्मनमध्ये ऐकायला मिळाली. माझी मुलगी वर्षाची झाली तेव्हा औषधांच्या एका कंपनीतली माझी संशोधनाची जागा मला परत मिळणार होती, पण शरद ऋतूत रुजू व्हायचं तर व्हायचं, नाहीतर नाही. इकडे पाळणाघराला क्रिप्पं म्हणतात, आणि आमच्या भागात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ते नव्हतंच. पाळण्यातल्या मुलाला सोडून कामावर जाणाऱ्या बाईसाठी शब्द मात्र होता, राबनमुटर. म्हणजे डोमकावळ्याची आई, पिल्लं वाऱ्यावर सोडणारी. मुंबईपुण्याकडून आलेल्या आमच्यासारख्यांकडे यावर ठरलेला उपाय असतो. पुण्याहून सासूबाईंनी तो लगेच फोनवर सांगितला, ‘अगं, पाठवून दे तिला इकडे. दोन वर्षं सांभाळते मी. तुझी नोकरीही राहील आणि पोरगी मराठीही शिकेल.’ प्रेमाने म्हणाल्या, त्यात शंका नाही. ओळखीतल्या दोघांनी तसं केलंही होतं. त्यांची मुलं परत आली तेव्हा विमानतळावर आजीला बिलगून बसली होती. माझी आई तेव्हा आमच्याकडेच होती, पण तिचा व्हिसा तीन महिन्यांचा. म्हणजे नोकरी सोडायची, नाहीतर लेक पुण्याला पाठवायची, नाहीतर चर्चच्या जागेत क्रिप्पं निघायला हवं होतं.

ते काढावं का यावर सभा होती. नवरा मुलीला घेऊन घरी थांबला आणि आई माझ्याबरोबर निघाली. ‘मला एक अक्षर कळणार नाही, पण कोण कोण भांडतंय ते तरी बघते,’ म्हणाली. साडीवर जाड स्वेटर, पायात मोजे, आणि मांडीवर कुणीतरी दिलेला केक, अशी ती पहिल्या रांगेत बसली. भांडण मात्र रंगेना. इथे माणसं हात वर करून, पाळीपाळीने भांडतात. एक गृहस्थ म्हणाले, तिकडे पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट सरकारने मुलं अशीच ओळीने वाढवली, तेच आता इथे आणायचं का? त्यावर एक तरुण बाई उठली. ‘त्या ओळीत मी होते. आज तुमच्या शेजारच्या दवाखान्यात तुमचं ब्लडप्रेशर मीच मोजते.’ लोक हसले. त्या हशात मी हात वर केला. म्हणाले, मीही अशाच घरात वाढले आहे. मग तुमच्याबद्दल सांगितलं.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी चर्चच्या समितीवर होत्या. तीन मुलं त्यांनी घरी बसून वाढवली होती, आणि माझ्या बाळंतपणात सूप आणून देणाऱ्याही त्याच. त्या उठल्या. ‘आल्झो, हे बघा, मला वाद घालायचा नाही. एकच सांगा. तुम्हाला आईची आठवण यायची का?’

नाही म्हणणं सोपं होतं. सगळ्या तरुण आया माझ्याकडे बघत होत्या. पण मी म्हणाले, ‘यायची. रोज. चार वाजता दूध पिऊन झालं की यायची.’ सभागृहात शांतता झाली आणि आपल्याच बाजूच्या पायावर आपण धोंडा पाडला हे मला कळलं. मग गडबडलेल्या जर्मनमध्ये सुचेल तसं बोलत गेले. म्हणाले, आठवण यायची, पण मला सांभाळणारी बाई कधी माझी आई झाली नाही. ती मला ठणकावून सांगायची, आई कामावर आहे आणि ती येणार आहे. आजीकडे ठेवलं असतं तर ‘हिला चहा कमी द्या’ एवढंही म्हणायची माझ्या आईला चोरी झाली असती. काकूंना ती म्हणू शकायची, आणि काकू ऐकायच्या किंवा भांडायच्या. घर प्रेमावर चालतं म्हणून घराला जाब विचारता येत नाही. ज्याला विचारता येतो असं एक दार गावात असावं, इतकंच. खाली बसले तेव्हा कानशिलं तापली होती. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत.

पंधरवड्याने समितीचा होकार आला. खालच्या आजींनी शेवटपर्यंत विरोधात मत दिलं, हे त्यांनी स्वतःच मला जिन्यात सांगितलं. ‘तुम्ही खरं बोललात. म्हणूनच माझं मत बदललं नाही,’ म्हणाल्या. उद्घाटनाला मात्र प्लमचा केक त्यांचाच होता. मुलगी पुण्याला गेली नाही, मी कामावर गेले. आता ती शाळेत जाते, मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि मराठीबद्दलचं सासूबाईंचं ते एक म्हणणं खरं ठरलं. असो.

पण हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण ती सभा नाही. सभेहून परत येताना आईने विचारलं, ‘त्या म्हाताऱ्या बाईंनी काय विचारलं गं? सगळे एकदम गप्प झाले.’

‘लहानपणी तुझी आठवण यायची का, असं.’

‘मग? काय सांगितलंस?’

जरा गोड करून सांगावं असं मनात आलं, पण म्हटलं, ‘यायची, असं सांगितलं.’

आईने स्वेटर गळ्याशी ओढून घेतला. मग म्हणाली, ‘आणि रविवारचं?’

‘रविवारचं काय?’

‘अगं, रविवारी त्यांचं बंद असायचं. तू सकाळी चपला घालून दारात बसायचीस. काकूंकडे चल म्हणून भोकाड पसरायचीस. मी अख्खा आठवडा त्या एका दिवसाची वाट बघायचे, आणि तू माझ्याकडे बघायचीसुद्धा नाहीस. एकदा शेवटी नेऊन सोडलं तुला त्यांच्याकडे तासभर. घरी आले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.’

‘मला कधी सांगितलं नाहीस.’

‘त्यात काय सांगायचं? तुला तिथे बरं वाटत होतं, म्हणून तर मी कामावर जाऊ शकले.’ मग माझा हात धरून म्हणाली, ‘सावकाश चल. रस्ता ओला आहे.’

काकू, मला यातलं काहीही आठवत नाही. चार वाजताचं दूध आठवतं, आईची वाट बघणं आठवतं, आणि सभेत मी तेच खरं म्हणून सांगितलं. तुमच्यासाठी रडलेले रविवार मात्र आईने एकटीने सांभाळून ठेवले होते. त्या दिवशी तुम्ही मला आत घेतलंत का, की माझी सुट्टी आहे म्हणून रागावलात, तेही तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि आईच्या हाती तर ते लागूच नये. कारण तिचं ऐकून तिच्यासाठी माझ्या पोटात तुटलं, पण ते घरी पोचल्यावर, जिना चढताना. रस्त्यात, तिचा हात हातात असताना, मी तुमच्यासाठीही रडायचे याचा मला आधी आनंद झाला होता.