पंधरा वर्षं टिकेल अशी गाडी

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार, सकाळ

आदिनाथराव,

सोलापूरहून शरच्चंद्रचा नमस्कार घ्यावा. करमाळ्यात सगळे ठीक असाल असं धरून चालतो. सौ. सिद्धेश्वरींनी ती दाढ काढली की अजून भीतीपोटी तशीच ठेवली आहे, ते कळवा. तुम्ही एसटीतून निवृत्त झालात तरी सवयीने पहाटे उठता, असं तुमची बहीण प्रभा सांगते. मीही हल्ली पहाटेच उठतो, पण तुमच्यासारखा शांतपणे चहा घेत बसत नाही, गच्चीवर फेऱ्या मारतो. इकडे पाणी पाचव्या दिवशी येतं, ऊन रोज येतं. प्रभाची प्रकृती उत्तम आहे. माझी तपासली तर उत्तम निघते, पण मला बरं वाटत नाही, आणि त्याचं कारण एक गाडी आहे.

झालं असं, की मार्चमध्ये माझं शेवटचं मोठं प्रकरण संपलं. मंद्रूपकडच्या एका अशिलाच्या जमिनीचं होतं, अकरा वर्षं चाललं, आणि जिंकलो. त्या आनंदात अशिलाने मला कोर्टापासून घरापर्यंत स्वतःच्या गाडीतून सोडलं. गाडी म्हणजे काय, आदिनाथराव, दिवाणखानाच. मी पस्तीस वर्षं स्कूटरवर कोर्टात गेलेला माणूस. (स्कूटरही किक मारल्यावर आधी विचार करणारी.) त्या सीटवर टेकलो आणि कमरेतला मणका न् मणका मला धन्यवाद देऊ लागला. घरी पोचल्यावर प्रभाला म्हणालो, आता वकिली बंद, आता आपण फिरायचं, आणि फिरायचं तर अशाच गाडीतून. ती तेव्हा पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, नवी घेणार की वापरलेली? एवढ्या एका प्रश्नावर माझे सात महिने गेले.

मी वही घातली. डाव्या पानावर नवी, उजव्या पानावर जुनी. नवी घ्यावी, तर आपल्याआधी तिच्यात कोणी बसलेलं नसतं, काही मोडलं तर कंपनी बघते. पण शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की तिची निम्मी अब्रू जाते म्हणतात. जुनी घ्यावी, तर तीच गाडी निम्म्यात मिळते, पण आधीच्या मालकाने तिला काय काय सोसायला लावलं ते कोणी शपथेवर सांगत नाही. सकाळी मी नवीच्या बाजूने असे, दुपारी जेवल्यावर जुनीच्या. संध्याकाळी मंगल कार्यालयांच्या आवारात उभ्या गाड्यांच्या काचांना नाक लावून आत बघायचो. एका रखवालदाराने मला हटकलं, तेव्हा मी वधूपक्षाचा आहे असं सांगितलं आणि मग जेवूनच यावं लागलं. आमचा बोळ टेपने मोजला, एक टोक प्रभाच्या हातात देऊन. आठ फूट दोन इंच.

शेवटी मनाचा हिय्या करून शोरूममध्ये गेलो. तिथे अंकिता नावाची मुलगी होती, हुशार आणि फार नम्र. तिने आम्हाला नव्या कोऱ्या गाडीत बसवलं, स्वतः चालवायला बसली. मी पुढे, प्रभा मागे. सीट पाठ रगडते, थंड होते, गरम होते, आपण काही विचारलं तर गाडी उत्तर देते. (मी विचारलं, विजापूर रस्त्याला वर्दळ आहे का. तिने मला विजापूरचं हवामान सांगितलं.) अंकिताने विचारलं, सर, किती वर्षं वापरणार? मी ठणकावून म्हणालो, पंधरा. मी काही दर तीन वर्षांनी गाडी बदलणारा माणूस नाही. ती म्हणाली, "वा, म्हणजे तेव्हा सर आपण..." आणि मध्येच थांबून तिने गिअरकडे बघितलं. मी मनात बेरीज केली. अठ्ठ्याहत्तर. आदिनाथराव, दुसऱ्यांच्या वारसाहक्काचे कागद करण्यात माझा जन्म गेला, पण ही बेरीज मी कधी केली नव्हती. तेवढ्यात मागून आवाज आला. नव्या कातड्याचा तो वास, त्यात गाडी अशी झुलत जाणारी, तुमच्या बहिणीला गाडी लागली. तरी बाई मुख्याध्यापिका होती, सीटवर एक थेंब पडू दिला नाही. शोरूमने भेट दिलेली माहितीपुस्तकाची पेटी तिने वेळेवर उघडली होती. अंकिताने गाडी बाजूला घेतली, प्रभाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मावशी, माझ्या आईलाही नव्या गाडीचा वास चालत नाही." एवढं खरं बोलणारी विक्रेती मी पाहिली नाही. तिचं कमिशन बुडालं, याचं मला वाईट वाटतं.

त्या दिवशी मी वहीचं डावं पान फाडलं. दुसऱ्या दिवशी चिकटवलं. मग माझ्या त्या अशिलानेच सांगितलं, की मंद्रूपच्या पुढे कल्लप्पा म्हणून ऊसवाले आहेत, त्यांची सात वर्षांची गाडी द्यायची आहे. आम्ही एसटीने गेलो. गाडीच्या बॉनेटवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि मागच्या भागात कांद्याची दोन पोती होती. मी प्रभाकडे बघून परत फिरणार, तोच कल्लप्पांच्या पत्नी मथुराबाईंनी मिरच्या पदरात गोळा केल्या आणि म्हणाल्या, "बसा की वैनी, एक चक्कर मारून या." कल्लप्पा चालवायला बसले. गाडीत कांद्याचा, मातीचा आणि थोडा शेणाचा वास होता. दहा मिनिटांनी मी मागे वळून पाहिलं, पिशवी द्यावी म्हणून. तुमची बहीण झोपली होती. तोंड किंचित उघडं, डोकं कांद्याच्या पोत्याला टेकलेलं. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला चालत्या गाडीत झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक प्रवासात ती खिडकीच्या गजाला घट्ट धरून बसलेली असे, आणि मी पेपर वाचत असे. मी कल्लप्पांना खुणेने सांगितलं, अजून पुढे घ्या. पार भीमेपर्यंत जाऊन आलो.

परत आल्यावर मी उलटतपासणी सुरू केली. इतकी चांगली गाडी, मग विकता का? कल्लप्पा आधी हसले. मग सीटखालून त्यांनी लाकडी पाट काढला, जमिनीवर ठेवला, आणि त्यावर पाय देत, दाराला लोंबकळत खाली उतरले. "साहेब, मी बी ईस वर्सं वापराया म्हनूनच घेतली व्हती. गाडीला काय बी झालं न्हाय. माजं गुडगं गेलं."

त्यांचं वय विचारलं. माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठे.

एसटीने घरी आलो. पुढचे आठ दिवस वही उघडली नाही. जिना चढताना गुडघ्याचा आवाज ऐकत होतो. (डाव्याचा येतो.) प्रभानेच मग परस्पर निरोप पाठवला, की गाडी एकदा आमच्या बोळात आणून दाखवा. अक्कलकोट रस्त्याच्या निंगप्पा मिस्त्रीने आधी अर्धा तास गाडीखाली झोपून तपासली आणि बाहेर येऊन कानडीत "गाडी चलो ऐती" म्हणाला, म्हणजे गाडी चांगली आहे. मग गाडी बोळात शिरली. कल्लप्पा चालवत होते, प्रभा शेजारी, आणि मी पुढे उलटा चालत टेप दाखवत होतो. मी बोळ मोजला होता, आदिनाथराव, विजेचा खांब मोजला नव्हता. खांब आणि महेश्वरी काकूंचा ओटा यांच्यामध्ये गाडी अशी बसली, की दोन्हीकडची दारं उघडेनात. गाडी आतून कोकलायला लागली. मागून चादरींची हातगाडी आली, तिच्यामागे पाण्याचा टँकर आला, आणि टँकर पाचव्या दिवशीचा असल्यामुळे त्याच्यामागे सगळी गल्ली घागरी घेऊन आली. कल्लप्पांना घाम फुटला. मी टेप गुंडाळत उभा राहिलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

मग गाडीच्या छतातली काच सरकली आणि तुमची बहीण वर आली. सीटवर उभी राहिली, पदर खोचला, आणि शाळेच्या पटांगणावर काढायची तो आवाज काढला. टँकर मागे. हातगाडी महेश्वरी काकूंच्या दारात. कल्लप्पांना वरून सांगत होती, थोडं डावीकडे, आता थांबा, आता सरळ मागे. वीस मिनिटांत गाडी ओरखडा न पडता बाहेर निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती लगेच खाली बसली नाही, हे मी तुम्हाला मुद्दाम लिहितो. बोळाच्या तोंडापर्यंत तशीच उभी राहून आली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी लग्नात शोधलं होतं आणि मला सापडलं नव्हतं.

तर आता बोळाबाहेरच्या चादरीच्या गोदामात एक गाडी मावेल एवढी जागा मिळते आहे. नवी की जुनी, याबद्दल माझं मत अजून ठरत नाही. जुनी म्हणावं, तर कल्लप्पांचा पाट डोळ्यांसमोर येतो. काहीच घेऊ नये म्हणावं, तर प्रभाचं ते झोपलेलं तोंड. तुमचं काय मत आहे, सवडीने कळवावं.

आपला,
शरच्चंद्र

ता. क. वरचं पत्र मंगळवारी लिहिलं आणि पाकीट मिळेना म्हणून राहिलं. आज गुरुवार. काल प्रभाने कल्लप्पांना फोन करून होकार दिला. गाडी रविवारी येते. माझ्या मताची आता गरज उरली नाही, तुमच्याही नाही.

ता. क. दुसरा. एक गोष्ट एवढ्या पानांत लिहायला जमली नाही. मला चारचाकी चालवता येत नाही. सात महिन्यांत हे मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तेव्हा तुम्ही महिनाभर येऊन मला शिकवावं, अशी विनंती आहे.

ता. क. तिसरा. विनंतीच्या आधी हे लिहायला हवं होतं. तुम्हाला एसटीत नोकरी लागली, तेव्हा तुमच्या घरी पंगतीत सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, की ड्रायव्हरच व्हायचं होतं तर बी.ए. कशाला केलंत. तुम्ही वाढणं थांबवलं नाहीत, मला अजून एक भाकरी वाढलीत. त्यानंतर तीस वर्षं तुम्ही आमच्याकडे आलात की जेवता आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाता, एकदाही राहिला नाहीत. मी ते कामाच्या वेळा म्हणून खपवलं. मी चुकलो, आदिनाथराव. त्या दिवशी गाडीत तिला झोपलेलं पाहिलं, तेव्हा मनात आलं, की अशी किती माणसं तुमच्या भरवशावर रोज झोपत असतील.

ता. क. चौथा, प्रभाच्या अक्षरात. आदू, पाकीट मीच चिकटवते आहे म्हणून वाचलं. ह्यांनी शिकाऊ परवान्याची परीक्षा दोनदा दिली आणि दोनदा नापास झाले. प्रश्नच चुकीचा आहे म्हणून संगणकाशी वाद घालत बसतात आणि वेळ संपते. मी पहिल्या खेपेला पास झाले, माझा परवाना आला आहे. तेव्हा शिकवायचं आहे ते मला. ह्यांना मागे बसव, पेपर देऊन. सिद्धेश्वरीलाही घेऊन ये, आणि कपडे महिन्याचे आण.