झोपेचं खोबरं आणि बायकोचं कोपर

१ जून, सकाळ
रोजनिशी सुरू. कारण, माझ्या झोपेचं खोबरं होतंय आणि आरोपी सापडला आहे. बायकोचं कोपर. जरा डोळा लागला की बरगडीत ढोसते. विचारलं तर म्हणते, तुमचा श्वास थांबला होता. श्वास थांबलेला माणूस सकाळी उठून भांडतो का, असा बिनतोड सवाल टाकला. उत्तरादाखल चहा आपटून आला.
मी घोरतो हाही तिचाच आरोप. मी तरी कधी ऐकलेलं नाही.

४ जून, दुपार
मेहुण्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी सीनियर शिक्षक. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाशी जादा ब्रेक. हल्ली शिकवताना डोळे मिटतो. ही पद्धत आहे. इंजिनच्या आवाजावरून गिअर कळतो. आजची विद्यार्थिनी, रिटायर्ड ग्रंथपालबाई, म्हणाल्या की तुमच्या आवाजात इंजिन ऐकूच येत नाही. बाईंना विनोद जमत नाही.
संकल्प: रात्री एक पेग. म्हणजे कोपर लागलं तरी कळायला नको.

५ जून
कोपर दुप्पट लागलं. बायकोला म्हटलं, हॉलमध्ये झोप. नाही म्हणाली. हट्टी आहे. पेग मात्र चालू ठेवणार, एका रात्रीत निष्कर्ष काढू नयेत.

९ जून
भाजी आणायला म्हणून बायकोने बाहेर काढलं आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंपुढे बसवलं. त्यांनी चित्रच काढलं. घसा म्हणे हाडांचा आधार नसलेली मऊ नळी. जागेपणी स्नायू ती उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात. त्यात उताणं झोपलं की जीभ मागे घसरते, नळी बंद. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू. मग पुन्हा तेच, रात्रभर. जाड मान बाहेरून दाबते, मागे गेलेली हनुवटी आत जागा ठेवत नाही आणि दारू स्नायूंना आणखी ढिलं करते.
माझी मान जाड नाही, भारदस्त आहे. हनुवटी घराण्याची. बाबांची हुबेहूब अशीच होती. ते घोरायला लागले की शेजारी भिंत ठोकायचे. झोपेतच गेले. सगळे म्हणाले, किती पुण्यवान मरण. हे मी अभिमानाने सांगितलं. डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. बायको रडायला लागली. कुठे रडावं याला काही धरबंध?
आता झोपेची तपासणी करा म्हणतात. जाणार नाही.

१० जून
कुशीवर झोपण्यासाठी पाठीला टेनिसबॉल बांधला. सकाळी बॉल कपाटाखाली, मी उताणा. हल्ली दोऱ्या पूर्वीसारख्या मिळत नाहीत.

१४ जून, संध्याकाळ
किरकोळ घटना. नियम माझाच आहे: मी सांगेपर्यंत वळायचं नाही. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टोलनाक्यावरचा माणूस काच ठोकत होता. ग्रंथपालबाई शहर सोडून सरळ, सरळ आणि सरळ आल्या होत्या. उठवलं का नाही, विचारलं. म्हणाल्या, अहो, सगळी नोकरी लोकांना गप्प बसवण्यात गेली, झोपलेल्याला हलवायची सवय नाही. शिवाय पाचवा गिअर पहिल्यांदाच मिळाला. आणि ब्रेकवर तुमचा पाय होताच की.
मी मांडी घालून बसलो होतो. हे त्यांना सांगितलेलं नाही.

१५ जून
मेहुण्याने चावी काढून घेतली. म्हणाला, भावोजी, डॉक्टरांचा कागद आणेपर्यंत त्या सीटवर बसायचं नाही. समोरून ट्रक आला असता तर? जर-तरला काही अर्थ नसतो, असं मी ठणकावून सांगितलं. घरी येताना ट्रक दिसला की फुटपाथवर थांबत होतो. धूळ फार उडते.
तपासणीला जातोय. केवळ मेहुण्याचं तोंड बंद करायला.

२२ जून
रिपोर्ट आला. आकडे वाचून डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. विचारलं, घरी श्वास अडकला की काय होतं? मी संधी साधून कोपराची रीतसर तक्रार केली. त्यांनी ती नोंदवली नाही. बायकोकडे वळून म्हणाल्या, तुम्ही किती वर्षं झोपला नाहीत?
बायकोने आठवून बघितलं. आठवेना.
हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन मिळालंय. नाकावर मास्क, पुढे सोंड. पेग बंद. ध्यान दिसतं, पण चावीसाठी सहन करणार.

२४ जून, सकाळ
जाग आली. डोकं हलकं, बरगडी शाबूत. चहा नाही. स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली. बायको शेजारीच होती, उठलेलीच नव्हती. खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर आलं होतं, तरी हलत नव्हती. बाबा आठवले. भीती वाटली, सरळ भीती. तिच्या नाकाशी बोटं धरली.
श्वास चालू होता. नुसती झोपली होती.
तिला उठवायला मी कोपर उचललं होतं. परत खाली घेतलं. पडदा ओढला. चहा मीच करायला गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. साखर कुठे ठेवते ते सापडलं नाही आणि विचारायला तिला उठवणं काही जमलं नाही.