भुरी जुन्या घरीच

३ सप्टेंबर

पोतं रिकामं! ट्रॉलीतलं सगळं सामान उतरवलं, शेवटी भुरीचं पोतं उघडलं, तर आत नुसती माझी जुनी ओढणी. इकडे मी तूप वाटीत काढून ठेवलेलं. नव्या घरी मांजरीच्या पायांना तूप लावायचं, चाटता चाटता ती रमते म्हणतात. आता लावू कोणाला?

पोत्याची गाठ माझ्या नवऱ्याने, मंगेशने मारली होती. बाप्या माणसाला एक गाठ धड मारता येऊ नये! मी बोलले, तो चिडला. दोघंही न जेवता झोपलो.

४ सप्टेंबर

नवं गावठाण म्हणजे एका रांगेत, एका रंगाची घरं. सकाळी मी दुसऱ्याच्याच दारात शिरले. सासरे, म्हणजे मामाजी, अजून घरात पाऊल टाकत नाहीत. बाहेर पडवीत खाट टाकून बसलेत. भिंतींना सिमेंटचा वास येतो म्हणे. भुरीचं विचारलं तर म्हणाले, मांजर माणसाचं नसते, घराचं असते. तिथेच गेली असेल.

असेल! पण तिथे धरणाचं पाणी चढतंय त्याचं काय? ती माझ्या पायाशी झोपायची. पाय नुसते चाळवत राहतात.

६ सप्टेंबर

सापडली!! शेजारचा कैलाश धरणात मासोळ्या धरतो, त्याच्या गाडीवर बसून जुन्या गावी गेले. छपरावरचे कवेलू, दारं, चौकटी लोकांनी काढून नेलेल्या. उरल्या मातीच्या भिंती. आणि आमच्या थंड चुलीवर भुरी!

धावत आली, अंग घासलं, मी नेलेले सुके झिंगे खाल्ले. उचलायला गेले तर नखं मारून भिंतीवर चढली. हाका मारून घसा बसला. शेवटी कैलाश हॉर्न वाजवायला लागला. पाणी गावाच्या पांदणीपर्यंत, गाडीवाटेपर्यंत आलंय.

७ सप्टेंबर

पाऊस. भात करपला. कशातच लक्ष नाही.

८ सप्टेंबर

रस्ता बुडाला. मंगेश म्हणाला, मांजरीपायी जीव देशील का? मी पुन्हा त्याच्या गाठीवर घसरले. तुझ्यामुळे, तुझ्यामुळे — थांबताच येईना. तेव्हा पडवीतून मामाजी बोलले.

"त्याले नको बोलू, उर्वशी. गाठ मी सोडली."

गाव सोडताना वळणावर ट्रॉली हळू झाली तेव्हा. मी समोर ट्रॅक्टरवर बसले होते, मला पत्ताच नाही. घर एकदम उघडं टाकवत नव्हतं म्हणाले. आपल्यातलं कोणीतरी तिथे असावं.

"पानी येते, पानी येते म्हनून दरसाल सांगत. कधी आलं का आपल्या आंगनात?"

खरंच कधी आलं नव्हतं. नोटिसा आल्या की आम्ही सगळे हसायचो. तरी राग आला. आलाच! चहा खाटेवर ठेवला नि तशीच आत आले. मंगेशची माफी मागायची राहूनच गेली.

९ सप्टेंबर, सकाळ

भुरीला आणायला कैलाशने डोंगा पाण्यात लोटला. मामाजीही चढले. या वयात! मंगेश नको म्हणाला, पण ऐकतात कोणाचं. मी अडवलं नाही. तेव्हापासून आत-बाहेर, आत-बाहेर चाललंय माझं.

संध्याकाळ

भुरी मिळाली. भिंत पडली होती, तिच्याखाली.

मामाजींनी तिला आपल्या दुपट्ट्यात गुंडाळून आणलं. नव्या अंगणात स्वतः खड्डा केला, पुरलं, मातीवर हात फिरवत बसून राहिले. मी शेजारी बसून रडले. मग ते म्हणाले, "आता आपलं मानूस हाये इथं."

आणि उठून घरात आले.